धंदा तालुक्याचा, संशोधन राजधानीचे

२०१५-१६ साली राष्ट्रीय नमुना पाहणीची ७३वी फेरी झाली. तीत शेतीबाहेरच्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम व्यवसायांची संख्या देशभरात सुमारे ६ कोटी ३४ लाख भरली आणि त्यांत राबणारी माणसे ११ कोटींच्या वर निघाली. यांतले सुमारे ९६ टक्के व्यवसाय एकट्या मालकाच्या नावावरचे. भारतातला धंदा म्हणजे प्रामुख्याने हा धंदा. भारतातल्या धंद्यावरचे व्यवस्थापनशास्त्रीय संशोधन मात्र मुख्यतः ज्या आकडेवारीवर उभे आहे, ती कंपनी कायद्याखाली ताळेबंद सादर करणाऱ्या कंपन्यांची. मुंबईच्या सीएमआयई या संस्थेचा 'प्रोवेस' हा संचय त्या बाबतीत अतिशय मोलाचा आहे आणि त्याच्याशिवाय गेल्या तीन दशकांतले निम्मे शोधनिबंध लिहिलेच गेले नसते. पण खान्देशातल्या जळगाव जिल्ह्यातल्या पाचोऱ्याच्या जिनिंगवाल्याची भागीदारी पेढी, भडगावचे कृषी सेवा केंद्र, रावेरचा केळीचा व्यापारी, खेड्यात काटा लावून कापूस घेणारा फेरीवाला खरेदीदार यांपैकी कोणीही त्या संचयात सापडत नाही. उभरत्या अर्थव्यवस्थेतला व्यवसाय समजून घेण्यासाठी जगभर जे संशोधन झाले, त्याने आपल्याला काय शिकवले, कुठे ते अपुरे पडले आणि पाचोऱ्यासारख्या गावातून त्यात कोणती भर घालता येईल, याचा आढावा इथे घ्यायचा आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: या संशोधनाची उणीव सिद्धान्तांची नाही, जागेची आहे. बाहेरून पाहताना जिथे व्यवस्थेचा अभाव दिसतो, तिथे प्रत्यक्षात जुनी, पक्की आणि महागडी व्यवस्था नांदत असते. ती काय पुरवते आणि त्याची किंमत कोणाकडून वसूल करते, हे मोजणे हेच आपल्याकडच्या संशोधनाचे पहिले काम आहे. आणि ते काम तालुक्यात बसूनच होईल.

हे काम महाराष्ट्राला अपरिचित नाही. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० मध्ये स्थापन झाली आणि धनंजयराव गाडगीळांनी तिला एक शिस्त लावली: प्रश्न जवळचा घ्यायचा, मोजणी स्वतः करायची आणि मोजणीच्या पलीकडे दावा करायचा नाही. पुण्यातल्या फळबाजारावरचा अभ्यास १९३३ चा, वाई तालुक्यातल्या शेतीच्या व्यवसायावरचा अभ्यास १९४० चा. वाईच्या अभ्यासात शेतकऱ्याकडे गरीब किंवा कर्जबाजारी माणूस एवढ्याच नजरेने पाहिलेले नाही. जमा, खर्च, मजुरी आणि जोखीम सांभाळणारा व्यावसायिक म्हणून त्याचा हिशेब मांडलेला आहे. १९६१ मध्ये कलकत्ता आणि अहमदाबाद इथे भारतीय व्यवस्थापन संस्था उभ्या राहिल्या. पहिलीला अमेरिकेतल्या एमआयटीचे आणि दुसरीला हार्वर्डचे साहाय्य होते. त्यामुळे अध्यापनाची पद्धत आणि संशोधनाचा विषय दोन्ही मोठ्या संघटित कंपनीकडे वळले. अपवाद झाले. रवी मथाई यांनी अहमदाबादच्या संस्थेचे संचालकपद सोडल्यावर १९७५ पासून राजस्थानातल्या जवाजा इथे विणकर आणि चर्मकारांबरोबर प्रयोग केला. द्विजेंद्र त्रिपाठी यांनी त्याच संस्थेत व्यवसाय-इतिहासाची परंपरा रुजवली. पण मुख्य प्रवाह कारखान्याच्या फाटकाशी थांबला आणि बाजार समितीच्या आवारात शिरण्याचे काम अर्थशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ यांच्यावर सोपवून मोकळा झाला. ही वाटणी पुढे फार महाग पडली.

१९९७ मध्ये तरुण खन्ना आणि कृष्ण पालेपू यांनी जी मांडणी केली, ती उभरत्या अर्थव्यवस्थांवरच्या व्यवस्थापन-संशोधनाचा पाया ठरली. विकसित देशात कंपनीला भांडवल हवे असेल तर विश्लेषक, पतमापन संस्था, लेखापरीक्षक असतात. माणसे हवी असतील तर मान्यताप्राप्त पदव्या असतात. ग्राहकाचा विश्वास हवा असेल तर ग्राहक न्यायालये असतात. उभरत्या देशात हे दुवे कच्चे किंवा गायब असतात, तिथे संस्थात्मक पोकळी असते. म्हणून टाटांसारखा उद्योगसमूह अनेक धंद्यांत पसरतो, कारण तो आपल्या नावाच्या बळावर ही पोकळी स्वतःच्या घरात भरून काढतो. या मांडणीने एक मोठे काम केले. पसरलेला उद्योगसमूह म्हणजे मागासलेपणाची खूण, हा पाश्चात्त्य समज तिने मोडला. पण तिची नजर पुन्हा मोठ्या घराण्यावरच राहिली. पुढे जोहाना मेअर, इग्नासी मार्ती आणि मार्क व्हेंट्रेस्का यांनी २०१२ मध्ये बांगलादेशातल्या ग्रामीण बाजारांचा अभ्यास करून दाखवले की ज्याला पोकळी म्हणतात, ती जागा रिकामी नसते. तिथे नातेसंबंध, धर्म, गावकी आणि स्थानिक सत्ता यांचे नियम आधीपासून चालू असतात आणि स्त्रियांना किंवा गरिबांना बाजाराबाहेर ठेवण्याचे काम हेच नियम करतात. खान्देशच्या बाजाराला ही दुरुस्ती नेमकी लागू पडते. इथे पतमापन संस्था नाही, पण कोणाची उधारी बुडाली हे गावभर माहीत असते. लवाद नाही, पण दोन व्यापाऱ्यांच्या भांडणात तिसरा मध्यस्थ असतो. गोदामाच्या पावतीवर कर्ज मिळणे अवघड, पण घरात साठवलेल्या कापसाच्या भरवशावर उचल देणारा माणूस मिळतो. प्रश्न असा की ही सगळी सेवा किती दराने मिळते.

कापसाचेच उदाहरण घेऊ, कारण अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ दरम्यान, लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानी कापसाची मागणी केली आणि तेव्हापासून खान्देश कापसाच्या भावाशी बांधला गेला. २०२४-२५ च्या हंगामात केंद्र सरकारने मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ७१२१ रुपये आणि लांब धाग्याला ७५२१ रुपये हमीभाव जाहीर केला. खरेदी करणारी संस्था म्हणजे भारतीय कापूस महामंडळ, सीसीआय. तिची अट अशी की कापसात ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, त्यावर १२ टक्क्यांपर्यंत कपात, आणि त्याहून ओला कापूस नाकारला जातो. त्यातच नोंदणी, सातबारा, केंद्रापर्यंतचे गाडीभाडे आणि पैसे खात्यावर येईपर्यंतची वाट. खेडा खरेदी करणारा व्यापारी हमीभावापेक्षा कमी देतो आणि तरीही शेतकरी त्याला माल घालतो, याचे स्पष्टीकरण 'शेतकऱ्याला माहिती नाही' असे दिले जाते. ते बहुतेक वेळा चुकीचे असते. व्यापारी दारात येतो, ओला माल घेतो, वाहतूक स्वतः करतो, पैसे हातात ठेवतो आणि पुष्कळदा पेरणीच्या वेळी बियाण्या-खताची उधारीही त्याच्या ओळखीवर मिळालेली असते. म्हणजे भावातला फरक हा वाहतूक, ओलाव्याची जोखीम, रोकड आणि कर्ज या चार सेवांचा एकत्रित दर आहे. त्यातला किती भाग सेवेचा रास्त मोबदला आणि किती भाग शेतकऱ्याच्या अडचणीचा फायदा, हे वेगळे काढता येते. त्यासाठी एकाच आठवड्यात, एकाच गावात, ओलाव्याची नोंद घेऊन, कर्ज असलेल्या आणि नसलेल्या शेतकऱ्यांचे भाव शेजारी ठेवावे लागतात. महाराष्ट्राने १९७२ मध्ये एकाधिकार कापूस खरेदी योजना आणली, तेव्हा व्यापाऱ्याला बाजारातून काढले. पण त्याच्या या चार सेवा कोण देणार याचा हिशेब तिने पुरता मांडला नाही. योजना अखेर तोट्याच्या भाराखाली मोडली, त्यामागच्या अनेक कारणांपैकी हे एक मोठे कारण मानायला जागा आहे.

माहिती पुरवली की बाजार सुधारतो, हा गेल्या पंचवीस वर्षांतला सर्वांत लोकप्रिय विश्वास. त्याच्या बाजूने रॉबर्ट जेन्सन यांचा केरळातल्या मच्छीमारांवरचा २००७ चा अभ्यास नेहमी सांगितला जातो. मोबाइल आल्यावर बंदरा-बंदरांतल्या भावांतली तफावत घटली, वाया जाणारी मासळी जवळजवळ थांबली, मच्छीमाराचा नफा सुमारे ८ टक्के वाढला आणि गिऱ्हाइकाचा भाव सुमारे ४ टक्के उतरला. मध्य प्रदेशात आयटीसीच्या ई-चौपालमुळे सोयाबीनचे मंडीतले भाव १ ते ३ टक्के वाढल्याचे अपराजिता गोयल यांनी २०१० मध्ये दाखवले. पण महाराष्ट्रातल्या १०० गावांत मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिन्टेन यांनी मोबाइलवर बाजारभाव आणि हवामान पाठवून पाहिले, तेव्हा शेतकऱ्याला मिळालेल्या भावात लक्षणीय फरक पडला नाही. तो निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. पश्चिम बंगालमधल्या बटाटा उत्पादकांवरच्या अभ्यासातही असेच निघाले: भाव कळला, पण व्यापाऱ्याशी सौदा करण्याची ताकद वाढली नाही. हे निष्कर्ष परस्परविरोधी वाटतात, पण तसे नाहीत. केरळातला मच्छीमार नाव दुसऱ्या बंदराला नेऊ शकत होता. मध्य प्रदेशात आयटीसी स्वतः दुसरा खरेदीदार म्हणून उभी होती. महाराष्ट्र आणि बंगालमध्ये माहिती आली, पण माल दुसरीकडे घालण्याची सोय आली नाही. माहितीला किंमत पर्यायामुळे येते.

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात हे आणखी लख्ख दिसते. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. १९९० च्या दशकापासून ऊतिसंवर्धित रोपे आणि ठिबक सिंचन यांनी उत्पादन आणि घडाची प्रत दोन्ही बदलली. नवती, पिलबाग, वापसी अशा वर्गवारीने भाव जाहीर होतात आणि ते प्रत्येक शेतकऱ्याच्या मोबाइलवर असतात. तरी केळी झाडावर थांबत नाही. व्यापारी स्वतःची मजूर टोळी घेऊन बागेत येतो, घड कापतो आणि जाहीर भावापेक्षा कमी दर सांगतो, तेव्हा शेतकऱ्याच्या हातात दोन-चार दिवसांची मुदत असते. शेजारी मध्य प्रदेशातले बऱ्हाणपूर आहे, तिथलाही भाव त्याला माहीत आहे. राज्यांच्या सीमांमुळे शेजारच्या बाजारांतली स्पर्धा कशी तुटते आणि त्याचा भावावर काय परिणाम होतो, याचा शौमित्र चॅटर्जी यांचा अभ्यास २०२३ मध्ये आला. त्याचा निष्कर्ष असा की जवळपास स्पर्धक बाजार जितके जास्त, तितका शेतकऱ्याला मिळणारा भाव वर. तांदलवाडीसारख्या गावांतून आखाती देशांत केळी जाऊ लागली, तेव्हा त्या शेतकऱ्यांना निर्यातदार हा तिसरा खरेदीदार मिळाला. निर्यात न करणाऱ्या शेजाऱ्याचा भावही त्यामुळे वधारला का, हा प्रश्न विचारण्यासारखा आणि उत्तर मिळण्यासारखा आहे. २०१६ मध्ये महाराष्ट्राने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरवले. अडतीचा भार खरोखर सरकला, की तो भावातून पुन्हा शेतकऱ्याच्याच अंगावर आला, हे कायद्याच्या कलमात दिसणार नाही. ते विक्रीच्या हिशेबपट्टीवर दिसते.

आता कारखान्याच्या आत जाऊ. निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारापूर आणि उंबरगावच्या परिसरातल्या १७ कापड कंपन्यांच्या २८ कारखान्यांत केलेला प्रयोग आज जगभर शिकवला जातो. काही कारखान्यांना सल्लागारांनी साध्या सवयी लावल्या: सुट्या भागांची यादी ठेवणे, यंत्र बंद पडण्याची नोंद करणे, कापडातल्या दोषांची रोज चर्चा करणे. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. २०१३ मध्ये हा निबंध आला, तेव्हा 'भारतीय कारखानदार व्यवस्थापनात मागे आहे' एवढाच धडा बहुतेकांनी घेतला. पण या प्रयोगातून आणि त्याच्या पुढच्या पाठपुराव्यातून निघालेल्या दोन गोष्टी आणखी महत्त्वाच्या आहेत. एक, कंपनी किती मोठी होते हे व्यवस्थापन किती चांगले आहे यापेक्षा मालकाच्या घरात किती पुरुष माणसे आहेत यावर अधिक ठरत होते. कारण बाहेरच्या व्यवस्थापकावर विश्वास टाकायचा, तर चोरी झाल्यास कोर्टात दाद मिळेल याची खात्री मालकाला नव्हती. दोन, नऊ वर्षांनी संशोधक परत गेले तेव्हा लावलेल्या सवयींपैकी जवळजवळ निम्म्या सुटल्या होत्या. व्यवस्थापक बदलणे आणि मालकाला वेळ नसणे ही त्याची प्रमुख कारणे होती. खान्देशातला कोणताही जिनिंग मालक हे वाचून मान डोलावेल. रुईचा उतारा, सरकीचा भाव, गाठीतला कचरा आणि ओलावा यांवर हंगामाचा नफा ठरतो, आणि काट्यावर, फडात आणि दप्तरात घरचे माणूस हवे, हा नियम अनुभवातून आलेला आहे. मग मुलगा पुण्याला नोकरीला गेला की पेढीची वाढ थांबते. व्यवस्थापन शिकवणे आवश्यक आहे, पण विश्वासाची व्यवस्था नसेल तर शिकवलेले टिकत नाही. मुलीला भागीदार करून घेणाऱ्या पेढ्यांची वाढ वेगळी होते का, हा प्रश्न तर अजून नीट विचारलाही गेलेला नाही.

भांडवलाबाबत पुरावा आणखी अस्वस्थ करणारा आहे. तिरुपूरच्या होजिअरी उद्योगाचा अभिजित बॅनर्जी आणि कैवान मुन्शी यांनी २००४ मध्ये अभ्यास केला. स्थानिक गौंडर समाजाच्या कारखानदारांकडे सुरुवातीपासून जास्त भांडवल होते, पण बाहेरून आलेल्यांचा धंदा अधिक वेगाने वाढत होता. म्हणजे पैसा कर्तबगारीकडे न जाता नात्याकडे जात होता. चँग-ताई श्ये आणि पीटर क्लेनो यांनी २००९ मध्ये हिशेब केला, की भारतात भांडवल आणि श्रम अमेरिकेइतक्या चांगल्या रीतीने वाटले गेले असते तर कारखानदारीची उत्पादकता ४० ते ६० टक्क्यांनी वाढली असती. या दोन निबंधांच्या मधल्या जागेत बार्बरा हॅरिस-व्हाइट यांचे काम येते, आणि मला ते सर्वांत मोलाचे वाटते. १९७३ पासून त्यांनी तामिळनाडूतल्या अरणी या बाजारपेठेच्या गावाचा पुन्हा पुन्हा अभ्यास केला. २००३ च्या त्यांच्या पुस्तकात दिसते की बाजाराचे नियम सरकारपेक्षा जात, लिंग, धर्म आणि व्यापारी संघटना यांच्याकडून अधिक ठरतात. व्यापारी संघटना मालकांना एकत्र आणते, हमालांचा दर बांधून ठेवते आणि नव्या माणसाला कोण जामीन राहील हे ठरवते. अरणीतल्या नोंदी चार दशकांच्या आहेत म्हणून कोणाची पुढची पिढी वर गेली आणि कोणाची हमालीतच राहिली, हे तिथे दिसू शकले. एका वर्षाच्या प्रश्नावलीत ते कधीच दिसले नसते. जळगावच्या डाळ मिलमध्ये किंवा पाचोऱ्याच्या जिनिंगमध्ये कोणत्या समाजातल्या माणसाला पहिले कर्ज कोणाच्या शब्दावर मिळाले, हा प्रश्न नाजूक आहे. पण त्याच्याशिवाय खान्देशच्या धंद्याचा इतिहास अपुरा आहे.

खान्देशच्या दोन व्यवसायांना मात्र जगाने पाहिले. अमळनेरला १९४५ च्या डिसेंबरात नोंदलेली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी पुढे विप्रो झाली. वाकोदचे भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये सुरू केलेला व्यापार पीव्हीसी पाइप, ठिबक सिंचन आणि फळप्रक्रिया असा वाढत गेला आणि हार्वर्डच्या वर्गात त्यावर केस शिकवल्या गेल्या. या यशाचा अभिमान रास्तच आहे. पण यशस्वी कंपन्यांच्याच कहाण्या जमवणारे संशोधन कारण आणि योगायोग यांत भेद करू शकत नाही. अमळनेरलाच प्रताप मिल होती. ती विसाव्या शतकाच्या आरंभी उभी राहिली आणि पुढे बंद पडली. एकाच गावातल्या एका धंद्याने पुढे रूप पालटले आणि दुसरा थांबला, या तुलनेत जितके शिकण्यासारखे आहे तितके एकट्या विप्रोच्या कहाणीत नाही. जैन इरिगेशनही २०१९ मध्ये कर्जफेडीच्या अडचणीत आली, २०२२ मध्ये तिच्या कर्जाची पुनर्रचना झाली आणि २०२३ मध्ये परदेशातला सिंचन व्यवसाय तिने रिव्हुलिस या कंपनीत विलीन केला. शेतकऱ्यापर्यंत अनुदानावर पोहोचणाऱ्या धंद्यात सरकारकडून येणे रखडले की खेळते भांडवल कसे अडते, हा प्रश्न या कहाणीतून उभा राहतो आणि तो ठिबकच्या छोट्या विक्रेत्यालाही तितकाच लागू आहे. तळागाळातल्या ग्राहकात मोठा नफा दडला आहे, हे सी. के. प्रल्हाद यांनी २००४ मध्ये सांगितले आणि त्या विचाराचा गाजावाजा झाला. अनिल कर्णानी यांनी २००७ मध्ये त्याला दिलेले उत्तर कमी वाचले गेले: गरिबाला ग्राहक करण्यापेक्षा उत्पादक म्हणून त्याची मिळकत वाढवणे हा खरा मार्ग आहे. केळी आणि कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्याला कर्णानींचा प्रश्न जवळचा आहे.

हे सारे जगभरच्या विद्यापीठांत घडत असताना आपल्या विद्यापीठांत काय झाले? जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांसाठी १९९० मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. आज ते कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिरवते. वाणिज्य आणि व्यवस्थापनात पीएच.डी. करणाऱ्यांची संख्या वाढली. पण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१० च्या नियमांनी प्राध्यापकाची बढती शोधनिबंधांच्या गुणांशी बांधली आणि त्यातून पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा बाजार फोफावला. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये दाखवले, की विद्यापीठांच्या शिफारशीने यूजीसीच्या यादीत आलेल्या ज्या नियतकालिकांची त्यांनी छाननी केली, त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट होती. त्याच वर्षी आयोगाने ४३०५ नियतकालिके यादीतून वगळली. या काळात जी पद्धत रुळली ती सर्वांना ओळखीची आहे: सहमत-असहमत अशा पाच पर्यायांची प्रश्नावली, हाताशी आलेले शंभर-दोनशे प्रतिसादक, आणि शेवटी सरकारने जागृती करावी अशी शिफारस. दोष एकेका संशोधकाचा नाही. ज्या व्यवस्थेत तीन वर्षे एका बाजारात बसून केलेल्या एका अभ्यासापेक्षा सहा महिन्यांतल्या चार निबंधांना जास्त गुण मिळतात, तिथे माणसे चार निबंधच लिहितील.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की एका तालुक्याचा अभ्यास म्हणजे शास्त्र नव्हे. त्यातून सर्वसाधारण नियम कसा निघणार? आक्षेप गंभीर आहे, पण तो नमुन्याच्या आकाराला भुलतो. ब्लूम यांचा जगप्रसिद्ध निष्कर्ष १७ कंपन्यांवर उभा आहे, आणि हॅरिस-व्हाइट यांचा एका गावावर. देशात किती टक्के व्यापारी उधारी देतात, हे सांगायला मोठा नमुना लागतो. उधारीमुळे भाव कसा ठरतो, हे कळायला एक बाजार खोलवर माहीत असावा लागतो. दुसऱ्या प्रकारच्या ज्ञानाची आपल्याकडे टंचाई आहे. शिवाय पाचोरा, हरदा, अरणी असे अनेक बाजार एकाच पद्धतीने नोंदले गेले, तर सर्वसाधारण नियमही त्यातूनच निघेल. मध्य प्रदेशातल्या हरद्याच्या मंडीत मेखला कृष्णमूर्ती यांनी जे काम केले आहे, ते याच वाटेवरचे आहे.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसांचा: व्यापारी हिशेब दाखवणार नाही. तो का दाखवेल, हा प्रश्न योग्यच आहे, आणि त्याचे उत्तर तारापूरच्या प्रयोगात आहे. तिथे संशोधकांनी कारखानदारांना फुकट सल्ला दिला आणि बदल्यात आकडे घेतले. आपल्याकडेही देवाणघेवाणच हवी. जिनिंग मालकाला त्याचा उतारा आणि यंत्रबंदीचा खर्च जिल्ह्यातल्या सरासरीशी ताडून दिला, नावे कायम गुप्त ठेवली आणि कर खात्याशी या नोंदींचा काहीही संबंध नाही हे लेखी दिले, तर दरवाजे उघडतात. शिवाय २०१६ चे ई-नाम, २०१७ चा जीएसटी, २०२० पासूनची उद्यम नोंदणी आणि बाजार समित्यांची आवक-भावाची पुस्तके यांनी पूर्वी नव्हत्या अशा नोंदी निर्माण केल्या आहेत. एकच ताजा प्रश्न घ्या. सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे ४५ दिवसांत चुकते केले नाहीत तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजा मिळणार नाहीत, अशी तरतूद २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकर कायद्याच्या ४३ब कलमात आली. त्यामुळे छोट्या जिनिंगचे पैसे सूतगिरण्यांकडून लवकर येऊ लागले, की मोठे खरेदीदार मध्यम उद्योगांकडे वळले? निव्वळ व्यापार करणाऱ्यांना हे संरक्षण नाही, म्हणून तुलनेला दोन गट आपोआप मिळतात. या प्रश्नाचे उत्तर दहा पेढ्यांच्या खतावणीत आहे आणि दिल्लीतल्या धोरणकर्त्यालाही ते हवे आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड: तालुक्याच्या महाविद्यालयात एवढी क्षमता आहे का? पाचोऱ्याच्या मानसिंगका महाविद्यालयासारख्या संस्थांत वाणिज्य शिकवणारे प्राध्यापक आणि शेतकरी-व्यापारी घरांतले विद्यार्थी आहेत. प्रगत संख्याशास्त्र आणि प्रयोगरचना यांची तयारी तिथे मर्यादित आहे, हे मान्यच करायला हवे. पण या कामातला दुर्मिळ भाग संगणकावरचा नाही. पट्टी वाचता येणे, अहिराणीत बोलता येणे, हंगामात सलग चार महिने बाजारात हजर असणे आणि पुढच्या वर्षी त्याच माणसाकडे परत जाता येणे, हे दुर्मिळ आहे. विश्लेषणाला पुण्याची गोखले संस्था, वैकुंठभाई मेहता संस्था किंवा नागपूरचे आयआयएम भागीदार होऊ शकते. सलग हजेरीला पर्याय नाही. अट एकच, की तालुक्यातल्या प्राध्यापकाचे नाव आकडे गोळा करणारा म्हणून तळटीपेत न येता निबंधाच्या शीर्षकाखाली यावे.

म्हणून या आढाव्यातून मला एकच ठोस मागणी निघताना दिसते. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने खान्देशातले तीन-चार बाजार निवडावेत: कापसासाठी पाचोरा, केळीसाठी रावेर, डाळीसाठी जळगाव आणि एखादी धुळ्याकडची पेठ. प्रत्येकी काही पेढ्या, काही शेतकरी आणि काही हमाल-मजूर यांच्या नोंदी दरवर्षी त्याच प्रश्नांनी, त्याच मापांत, किमान दहा वर्षे घ्याव्यात. बंद पडलेल्या पेढीची नोंद चालू पेढीइतक्याच काळजीने करावी. भाव, ओलावा, उधारीची मुदत, व्याज, कामावरची माणसे, घरातली माणसे आणि धंदा सोडण्याचे कारण एवढे सात-आठ रकाने पुरे आहेत. या नोंदी नावे वगळून सर्वांना खुल्या कराव्यात, निष्कर्ष मराठीत त्याच बाजारात वाचून दाखवावेत आणि हे काम करणाऱ्याच्या बढतीत दहा वर्षांच्या या मालिकेला दहा निबंधांहून अधिक वजन द्यावे. खर्चाच्या दृष्टीने हे एका परिषदेच्या आयोजनाहून फार मोठे नाही. उभरत्या अर्थव्यवस्थेतल्या व्यवसायाचे सिद्धान्त आज बोस्टन आणि लंडनमध्ये मांडले जातात, त्यात गैर काही नाही. चांगला सिद्धान्त कुठूनही घ्यावा. पण त्यांची परीक्षा जिथे व्हायची ते बाजार आपल्या दाराशी आहेत, आणि त्या परीक्षेची उत्तरपत्रिका लिहिण्याचा अधिकार आणि जबाबदारी दोन्ही आपली आहेत. गाडगीळांनी वाईत जे केले, ते ऐंशीहून अधिक वर्षांनी पाचोऱ्यात करण्यासाठी नव्या विद्वत्तेपेक्षा नव्या चिकाटीची गरज आहे, आणि ती चिकाटी विद्यापीठाने नियमांतून शक्य करून द्यायला हवी.